फ्रेमच्या दुकानातलं चित्रदालन

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या नागपूरच्या बर्डीवर फोटो मढवून देणाऱ्याच्या दुकानात तुम्ही कधीतरी उभे राहिलाच असाल. भिंतीवर पट्ट्यांचे नमुने टांगलेले, खाली गजानन महाराजांची तसबीर, शेजारी कुणाच्या तरी आजोबांचा फोटो. मला ही दुकानं फार जवळची वाटतात. आधुनिक चित्रकलेला आधार देणारं मुंबईचं ‘केमोल्ड’ हे चित्रदालन अशाच धंद्यातून उभं राहिलं.

‘केमोल्ड’ उभं करणारे केकू गांधी केंब्रिजला शिकत होते. मुंबईला आलेले असताना दुसरं महायुद्ध पेटलं आणि ते तिथेच राहिले. एका बेल्जियन गृहस्थाच्या ओळखीतून १९४१ साली त्यांनी फ्रेमच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली. ‘केमिकल मोल्डिंग’चं झालं ‘केमोल्ड’.

तेव्हा नव्या चित्रकारांना भिंत कोण देणार? गांधींनी आपल्या दुकानाच्या काचेमागे हुसेन यांची चित्रं मांडली. फ्रेम करायला आलेलं गिऱ्हाईक चित्र बघून जाऊ लागलं. एवढीशी जागा, पण पोटाला चिमटा घेऊन रंग विकत आणणाऱ्या चित्रकाराला तिचं मोल विचारा!

१९४७ साली मुंबईत अशाच सहा तरुण कलावंतांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आपला गट काढला. त्यातले सय्यद हैदर रझा मूळ मंडला जिल्ह्यातले. मुंबईला जाण्याआधी ते इथे, आपल्या नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले. हरी अंबादास गाडे तर अमरावती जिल्ह्यातले. सहांतले दोघं आपल्याकडचे! हे सांगताना मला आजही भरून येतं.

१९५२ साली जहांगीर कलादालन सुरू झालं. पण तिथे दालन भाड्याने घ्यायचं, ठरलेले दिवस संपले की चित्रं उतरवायची. त्यानंतर चित्रकाराची वर्षानुवर्षं पाठराखण कोण करणार? ते काम १९६३ पासून केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी हाती घेतलं. जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. दालनाचा रोजचा कारभार खोर्शेदबाईंनी पाहिला.

सत्तरच्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं याच दालनात लागली. लग्नाच्या चौकातली, कुडाच्या भिंतीवरची कला शहरातल्या भिंतीवर आली, आणि तीही चित्रकाराच्या नावानिशी. केमोल्डचं हे काम मला सर्वांत मोठं वाटतं.

१९८८ पासून केकू आणि खोर्शेद यांची लेक शिरीन दालन सांभाळू लागली. २००७ साली ते फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेलं.

बर्डीवरच्या, महालातल्या, इतवारीतल्या फ्रेमवाल्या दादांना माझी एक विनंती आहे. आपल्या चित्रकला महाविद्यालयातलं एखादं पोर चित्र घेऊन आलं, तर महिनाभरासाठी काचेमागचा एक कोपरा त्याला द्या. खाली त्याचं नाव लिहा, मोठ्या अक्षरात.

नमस्कार.