कोणाची गणती कुठे?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख भरली. सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी, १३ टक्के लोकांची हिंदी, तर ७ टक्क्यांच्या आसपास उर्दू. अनुसूचित जमातींचे लोक १ कोटी ५ लाख. देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. या शेवटच्या आकड्याचं मूळ नागपुरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथेच लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली.

हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहाने. पुढे भोसल्यांचं राज्य आलं. कोष्टी आणि मोमीन विणकरांच्या मागांवर इथली पेठ वाढली. १८६१ मध्ये इंग्रजांनी नागपूरला मध्य प्रांताची राजधानी केलं, तेव्हा कचेऱ्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमागे बंगाली अन् हिंदी भाषक कुटुंबं आली. फाळणीनंतर सिंधी जरीपटक्यात राहायला आले. आजही इथला भाजीवाला भाव मराठीत सांगतो, घासाघीस हिंदीत करतो, आणि गिऱ्हाइकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण कोणाला कोणत्या नावाखाली मोजायचं, यापायी याच शहरात माणसं मेली आहेत.

झिरो माईलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. गोवारी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं राखणारा समाज. दिवाळीत ढाल नाचवत, गायगोधनाची पूजा करत तो गावभर फिरतो. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती आमचीच, असं या समाजाचं म्हणणं. हीच मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हजारो गोवारी विधानभवनावर निघाले. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. मोर्चा अडवला गेला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं होती.

त्यानंतर गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतलं गेलं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे, असं न्यायालयाने ठरवलं. विणकर हलबा-कोष्टींचा अनुसूचित जमातीत असल्याचा दावाही २००० मध्ये असाच सर्वोच्च न्यायालयात अडला होता. कायद्याच्या दृष्टीने यादी म्हणजे यादी, हे मान्य. पण ज्या मायबाईचं लेकरू त्या गर्दीत गेलं, तिला ही शब्दांची फोड कोणत्या तोंडाने सांगायची?

देशातल्या सगळ्या जातींचे आकडे शेवटचे जाहीर झाले ते १९३१ च्या जनगणनेत. आता येऊ घातलेल्या जनगणनेत जातींची मोजणी पुन्हा होणार आहे. गोवारींच्या दारात प्रगणक येईल, जात विचारेल, आणि घरातली माणसं आपलं नाव सांगतील.