ऑइल, कूलंट आणि अर्धा तास थांबणं

नमस्कार मंडळी. मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्याकडच्या निम्म्या गाड्या कोकणाची वाट धरतात आणि त्यातल्या काही वरंधा घाटात नाहीतर आंबा घाटात बॉनेट वर करून उभ्या असतात. पुढे चार माणसं, चौघांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि चौघांची मतं पाच. मला आज त्या चौघांशी बोलायचंय, ते घाटात पोचायच्या आत.

इंजिन ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, तपासायचं, कमी असेल तर भर घालायची, एवढाच विषय. याला पाना लागत नाही की पकड. स्वच्छ सुती फडकं, लहान नरसाळं, गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक आणि सवड. पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून असतं, ते बाहेर काढता येईल. सवडीचं मात्र अवघड आहे. या कामात माणसं भाजतात ती बहुधा घाईपायी भाजतात, म्हणून कूलंटपासूनच सुरुवात करतो.

पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकलो, पण ते उघड्या भांड्यात. गाडीतलं कूलंट बंद नळ्यांतून फिरतं आणि वरच्या झाकणात स्प्रिंगवर बसवलेली झडप असते. ती साधारण १ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, जादा दाब आत धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट त्याच्याही पुढे तग धरतं. तत्त्व कुकरचंच, फक्त इथे शिट्टी होत नाही. गाडी घाट चढून आलीय, आत कूलंट ११० अंशांवर आहे, बाहेरून सगळं शांत, आणि तुम्ही झाकण फिरवता. दाब गेला की त्यातल्या काही भागाची तिथल्या तिथे वाफ होते आणि ती वाफ उरलेलं उकळतं कूलंट घेऊन वर उसळते. झाकणावर वाकलेल्या माणसाचा चेहरा, मान, हात, सगळं त्या वाटेत असतं.

‘मी ओला टॉवेल टाकून हळूच उघडतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ओल्या टॉवेलमधून वाफ आरपार जाते, हे त्यांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिन गार होऊ देण्याला दुसरा पर्याय नाही. निदान अर्धा तास, आणि गाडी खरोखर तापून उभी राहिली असेल तर तासभर लागला तरी लागू दे. रेडिएटर म्हणजे कूलंट गार करणारी पुढची जाळी. तिच्याकडे जाणारा वरचा जाड रबरी होज असतो, त्याच्याजवळ आधी हात नेऊन धग बघा. धग नसेल तर होज दाबा. टणक लागला तर आत दाब आहे, अजून थांबा. कोमट आणि मऊ लागला की जाड फडकं धरून झाकण पाव वळसा फिरवा, फुस्स असा आवाज आला तर तो पूर्ण थांबू द्या, मगच पुढे फिरवा.

आणि पंखा. आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो कधीही आपणहून सुरू होतो. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातली साखळी आवरूनच पुढे वाका. किल्ली खिशात. बॉनेटची दांडी तिच्या खाचेत नीट बसली का तेही बघा. अर्धवट टेकलेली दांडी वाऱ्याच्या झोताने निसटते.

आता बाटली. इथे गाड्यांच्या दोन जाती आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एका जातीत रेडिएटरवर पत्र्याचं झाकण असतं आणि बाजूला प्लॅस्टिकची बाटली. मारुती ८०० आठवा. दाब असतो तो रेडिएटरमध्ये, बाटली नुसती साठवणीची. कूलंट तापून फुगलं की जादा झालेलं बाटलीत येतं, गार झालं की परत ओढलं जातं. दुसऱ्या जातीत रेडिएटरला झाकणच नसतं. फोक्सवॅगन, स्कोडामध्ये असते ती आट्याच्या झाकणाची बाटली स्वतःच दाबाखाली असते. पहिल्या जातीची गाडी वर्षानुवर्षं वापरलेला माणूस दुसऱ्या जातीची गाडी घेतो आणि जुन्या सवयीने गरम गाडीच्या बाटलीला हात घालतो. आपली गाडी कुठल्या जातीची हे आज घरी जाऊन बघून ठेवा. माझा नियम दोन्हीला एकच आहे: गार असल्याशिवाय कुठलंच झाकण उघडायचं नाही.

पहिल्या जातीत एक फसवणूक असते. बाटलीतली पातळी महिनोन्‌महिने बरोबर मधोमध दिसते, मालक खूश असतो आणि रेडिएटर आतून रिकामा होत असतो. झाकणातली परतीची छोटी झडप अडकली, रबर कडक झालं किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर गेली, तर गार होताना कूलंट परत ओढलं जात नाही, त्याऐवजी हवा शिरते. म्हणून अशा गाडीत सकाळी, रात्रभर उभी असताना, मधूनमधून रेडिएटरचं झाकण उघडून आत बघायचं. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर झाकण बदला. ती बदलायचीच वस्तू आहे, पण दाबाचा आकडा जुन्या झाकणावर असेल तोच घ्या.

पातळी बघायची ती गार इंजिनावर, सपाट जागी. बाटलीवर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात, त्यांच्या मध्ये कुठेही असली तरी ठीक. काठोकाठ भरू नका, फुगायला जागा लागते.

घालायचं काय? पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं कूलंट. दुकानात ते दोन तऱ्हांनी मिळतं, थेट ओतायचं आणि डिस्टिल्ड पाणी मिसळून वापरायचं. डब्यावर वाचा, कारण नुसतं घट्ट कूलंट ओतणंही चूकच. शुद्ध ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि हे आपल्या कामाचं नाही असं समजू नका. उन्हाळाभर नळाच्या पाण्याची भर घालत कूलंट पातळ केलेलं असतं आणि डिसेंबरात तीच गाडी हिमाचलातल्या स्पितीला निघते. पाणी गोठताना फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं.

रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी, यात सर्व कंपन्यांनी पाळलेला नियम नाही. दोन गुलाबी कूलंटांची रसायनं वेगळी असू शकतात आणि न जुळणारी मिसळली तर गंजरोधक निकामी होतात, कधी गाळ धरतो. बोअरच्या पाण्याबद्दल तर मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. रस्त्यात काहीच हाताशी नसेल तर स्वच्छ पिण्याचं पाणी घाला आणि परतल्यावर कूलंट बदलून घ्या. पण कधी? इंजिन गार झाल्यावरच. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकू किंवा तडकू शकतं. जुन्या टॅक्सीवाल्यांना बघून ही सवय आपल्याला लागली. त्यांच्या अँबॅसिडरचं हेड बिडाचं होतं, पुष्कळ सोसायचं. आजची हेड अॅल्युमिनियमची आहेत.

घाटात तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. घाम फुटेल, पण तो हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळताच बाजूला घ्या. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. वाफ येत असताना बॉनेट उघडू नका. आणि ‘अजून पाचच किलोमीटर राहिलेत’ हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या पाच किलोमीटरांत हेडखालचा सांधा बंद ठेवणारी गॅस्केट उडते आणि खर्च कूलंटच्या डब्याच्या कितीतरी पट होतो.

कूलंट बंद वर्तुळात फिरतं, ते संपण्याची वस्तू नाही. दर पंधरा दिवसांनी भर घालावी लागत असेल तर ते कुठेतरी जातंय: होजची क्लिप, वॉटर पंप, रेडिएटर, किंवा केबिनमधला हीटर. पायाखालची मॅट ओलसर आणि काचेवर गोडसर वासाची वाफ, ही हीटर गळण्याची खूण. फरशीवर सांडलेलं लगेच पुसून धुवा. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात. लहान मुलं असलेल्या घरात कूलंट सरबताच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही.

आता ऑइल. हे त्या मानाने गरीब प्रकरण. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, पुसा, पूर्ण तळापर्यंत घाला, परत काढा आणि आता वाचा. पहिल्या खेपेचं वाचन धरायचं नाही, कारण पट्टीवर वरपर्यंत ऑइल उडालेलं असतं. पुसायला गॅरेजमधलं कॉटन वेस्ट नको, त्याचे दोरे आत जातात. नवं ऑइल इतकं पारदर्शक असतं की पट्टीवर दिसतच नाही. पट्टी आडवी करून उजेडाकडे तिरपी धरा. दोन बाजूंना वेगळं दिसलं तर कमी दिसणारं खरं माना. काही नव्या महागड्या गाड्यांत पट्टीच नसते, तिथे पडद्यावर बघायचं.

पेट्रोल पंपावर ‘साहेब, ऑइल कमी आहे’ म्हणून पट्टी दाखवणारा मुलगा तुम्हाला भेटला असेल. गाडी नुकतीच थांबलेली असते, ऑइल अजून वरच असतं, आणि पट्टी पूर्ण आत न घालताच काढलेली असली तर ती कमीच दाखवणार. त्याच्यावर रागावू नका, ‘घरी बघतो’ म्हणा आणि निघा.

खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत बऱ्याच गाड्यांत साधारण १ लिटरचा फरक असतो, छोट्या इंजिनांत त्याहून कमी. मधोमध असेल तर काहीही घालू नका. खालच्या खुणेशी आलं असेल तर नरसाळ्याने पाव लिटर ओता, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा बघा. ओतायची जागा म्हणजे वर ऑइलच्या थेंबाचं किंवा डब्याचं चित्र असलेलं झाकण. शेजारी ब्रेक ऑइलची छोटी डबी असते, तिला हात नाही. तिच्यात चुकून इंजिन ऑइल पडलं तर ब्रेकची रबरं फुगतात. असं झालंच तर गाडी जागची हलवू नका.

‘जरा जास्त असलेलं बरं’ हे ऑइलच्या बाबतीत खोटं आहे. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला आधार देत नाही. जादा ऑइल इंजिनात जळून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं ते वेगळंच. जास्त पडलं तर काढून घ्या.

ग्रेडबद्दल आपल्याकडे एक ठाम समज आहे: उन्हाळा कडक, म्हणून ऑइल जाड हवं. वीसेक वर्षांपूर्वी २०डब्ल्यू-४० घालायचे ते त्या इंजिनांना बरोबर होतं. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ ऑइल लागतं. आतल्या फटी आणि ऑइलच्या वाटा त्याच हिशेबाने केलेल्या असतात. पहिला आकडा थंडीतल्या वहनाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा, म्हणजे उन्हाळ्याचा विचार त्या दुसऱ्या आकड्यात झालेलाच आहे. पुस्तकात असेल ते घाला, मेकॅनिक कितीही प्रेमाने दुसरं सुचवो.

इंजिनाने थोडं ऑइल खाणं मात्र रीतीतलं आहे. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालेल असं काही कंपन्या पुस्तिकेतच छापतात. म्हणून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी बघा, आकडा किलोमीटरसकट लिहून ठेवा. खप अचानक वाढला तरच काळजी.

एक उलटा प्रकारही असतो. डिझेल गाडीत, विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांत, ऑइल कधी कधी वाढतं. धुराची काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं, गाडी फक्त शाळा-बाजार अशी फिरत असेल तर ते काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये झिरपतं. पातळी वरच्या खुणेच्या वर आणि डिझेलचा वास, असं दिसलं तर आनंद मानू नका, ऑइल बदलून घ्या.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. चालत्या गाडीत तो लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद, त्याच मिनिटाला. पट्टी बघा, कमी असेल तर भरा. भरूनही दिवा विझला नाही तर गाडी ओढूनच न्यायची.

कोणीतरी चिठ्ठीवर विचारलंय, ऑइल काळं झालं तर लगेच बदलावं का. डिझेलचं काही दिवसांतच काळं होतं, त्यात वावगं नाही. रंग बघायचा तो दुधाळ आहे का यासाठी. ऑइलच्या झाकणाच्या आतून थोडी पिवळट साय असणं हे थंडीत छोट्या फेऱ्यांनी होतं. पण पट्टीवरच चॉकलेटी-दुधाळ लगदा आणि सोबत कूलंट कमी, म्हणजे दोन्ही एकत्र मिसळतायत. तिथे भर घालून पुढे जाण्याचा प्रश्नच नाही, गाडी सुरूही करू नका.

दुसरी चिठ्ठी आरओच्या पाण्याची. अडचणीत चालेल, नेहमीसाठी डिस्टिल्डच. आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात नाही, कुंपणाच्या लाकडांना लावायलाही नाही. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. बंद डब्यात भरून, जे गॅरेज ते अधिकृत रिसायकलरकडे पाठवतं तिथे द्या.

आता खाली पार्किंगमध्ये जाऊ. तीन-चार गाड्या सकाळपासून उभ्या आहेत, गार आहेत. पट्टी कशी धरायची ते ज्यांना करून बघायचंय त्यांनी पुढे या, फडकी मी आणली आहेत.