शिंगरोबाचे दोन रुपये

नमस्कार मंडळी. डबे भरून झाले असतील, दुसरा चहा गॅसवर असेल, तर थोडा वेळ इकडे द्या. आज जुन्या रस्त्यांबद्दल बोलूया, म्हणजे मोटारसायकल घेऊन मुद्दाम जुन्या रस्त्याने जाण्याबद्दल.

अमेरिकेत जॉर्ज वायमन नावाचा एक माणूस होऊन गेला. १६ मे १९०३ला तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ६ जुलैला न्यूयॉर्कला पोचला, आख्खी अमेरिका आडवी पार. आणि गाडी कसली, तर सायकलच, तिला सव्वा हॉर्सपॉवरचं इंजिन, चामड्याचा पट्टा आणि पेडल तशीच ठेवलेली. सव्वा हॉर्सपॉवर! आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप याच्यापेक्षा तगडा आहे. वाटेत धड रस्ते नव्हते, मग हा बाबा मैलोनमैल रेल्वेच्या रुळांमधून गेला, रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून धडाधडा आपटत. आणि शेवटी न्यूयॉर्क दीडशे मैलांवर असताना इंजिनाने मान टाकली तर पठ्ठ्या पेडल मारत पोचला. हे पेडल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिथले हौशी लोक त्याची वाट शोधत फिरतात, मोठ्या हायवेने नाही, जुने तुकडे उरलेत त्यांच्यावरून. त्यांची युक्ती सोपी आहे, रूळ धरा. वायमन रुळाच्या कडेकडेने गेला, आणि रूळ सहसा जागा सोडत नाही. परत सांगते, जुना रस्ता सापडत नसेल तर रूळ धरा.

हे मी मामांना सांगितलं, मामा म्हणजे भांडुपचे, त्यांच्याकडे यझदी रोडकिंग ही जुनी मोटारसायकल आहे, मामीपेक्षा जास्त पुसतात तिला. ते म्हणाले, अगं मग अमेरिका कशाला, आपला जुना पुण्याचा रस्ता बघ की. खरंच की! १९७३मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, त्याआधी पुण्याला जायचं तर सायनवरून आग्रा रोड, म्हणजे आजचा एलबीएस, लाल बहादूर शास्त्री मार्ग, मग ठाणे, कळवा, मुंब्रा, शिळफाटा करत पनवेल. भांडुपपासून मुंब्र्यापर्यंत रूळ जवळच. मुंब्र्यात अजून लोक त्याला जुना मुंबई-पुणे रोडच म्हणतात. एक्स्प्रेसवेवर तर टूव्हीलरला बंदीच, म्हणजे बाईकवाल्याला पनवेलनंतरही जुनाच रस्ता, चौक, खालापूर, खोपोली आणि घाट. हा घाटरस्ता १८३०चा बरं का, गव्हर्नर माल्कमच्या काळातला.

तर निघालो. मामा पुढे, मी मागे. पहाटे पाचला एलबीएस रिकामा असतो हे मला त्या दिवशी कळलं. (आणि मेट्रोचे खांब नसताना तो कसा दिसायचा हे मामांनी मला मुलुंडपर्यंत ऐकवलं.) पनवेलला मामा चहाला थांबले आणि मला म्हणाले, तू पेट्रोल भरून आण. चहा कागदी कपातला, तो चहाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, काचेचा ग्लास हाताला चटका देत नसेल तर पैसे कशाचे देतो आपण? असो. मी पाच लिटर भरलं आणि आले.

खोपोली गेली, घाट लागला. दुसऱ्या की तिसऱ्या वळणानंतर इंजिनाचा आवाज बारीक झाला, मग कण्हल्यासारखा, आणि मागचं चाक एकदम धरलं. मामांनी त्याच क्षणी क्लच दाबला म्हणून आज मी तुमच्याशी बोलतेय. पिस्टन जाम. मामांनी किक मारून बघितली, यझदीची किक आणि गिअर एकाच दांडीचे, दांडी जागची हलेना. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ऑइल?

ज्यांच्या घरी जुनी टूस्ट्रोक होती त्यांना कळलं असेल. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, लिटरला साधारण ४० मिली, नाहीतर पिस्टन असा जाम होतो. आणि आमची बाटली डिकीत होती, सीलही उघडलं नव्हतं.

समोरच शिंगरोबाचं मंदिर. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, वाट दाखवली आणि मग त्यांनीच त्याला मारला असं लोक सांगतात, ड्रायव्हर लोक जाता जाता नाणं टाकतात. मामा म्हणाले, इथवर आलोय तर नाणं टाकूनच परत फिरू. खिशात हात घातला तर पाचशेची नोट. माझ्याकडे फोन. दोघांकडे मिळून एक नाणं नाही! मामा म्हणे, बघ, तुमच्या त्या स्कॅनने देवाला काय द्यायचं. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरने दोन रुपये दिले, मी म्हटलं नंबर सांग, पाठवते, तर तो म्हणाला, ताई, देवाचे पैसे उधार नसतात, आणि ट्रक गेलासुद्धा.

मग बाईक फिरवली आणि न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, कडेकडेने उतार उतरलो. इतकं शांत मी घाटात कधी ऐकलं नव्हतं, नुसता चेनचा आवाज, आणि मध्येच पलीकडून एक ट्रेन चढत होती, मागे धक्का देणारी इंजिनं घोंघावत. मामा मान न वळवता म्हणाले, ऐक, तुझे रूळ.

उतार संपला आणि खोपोली दीड किलोमीटर. मामा हँडल धरून, मी मागून ढकलत, दोघंही घामाघूम. वायमनला निदान पेडल होतं!

मेकॅनिकने इंजिनाचं हेड उघडलं, आत चरे पडलेले, त्याने वर न बघता विचारलं, ऑइल कोणी नाही घातलं? मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, मीच विसरलो, वय झालं.

मामा आत्ता भांडुपला रेडिओ लावून बसलेत. मामा, मामींना अजून तुमचीच चूक वाटतेय, म्हणून जाहीर सांगते, ऑइल मी विसरले.