एकाच चौकटीत दोन नायक

नमस्कार श्रोतेहो.

सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन एकमेकांना भिडले तर जिंकेल कोण? मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर लोळत पडलेली पोरं या प्रश्नावर तासन् तास भांडू शकतात. आपल्या नागपुरात नावं बहुतेक वेगळी असायची. मराठीइतकंच हिंदी वाचणारं हे शहर, त्यामुळे भाड्याने आणलेल्या कॉमिक्सच्या गठ्ठ्यात राज कॉमिक्सचे अंक हमखास असत आणि भांडण नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव यांच्यावरून पेटे. "काहून बे, नागराजनं विषफुंकार सोडली तर तुझा ध्रुव टिकते का?" यावर ध्रुववाला पोरगा ध्रुवच्या डोक्याचे दाखले देत बसे, तोवर दुसरा कुणी तरी गठ्ठा पळवून नेई.

दोन वेगवेगळ्या मालिकांमधले नायक एका कथेत आणायचे, याला कॉमिक्सच्या दुनियेत क्रॉसओव्हर म्हणतात. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

ही चाल कॉमिक्सच्या अगदी बालपणापासूनची आहे. 1940 मध्ये अमेरिकेत 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स' नावाचं मासिक निघत होतं. त्यात ह्यूमन टॉर्च आणि नेमॉर यांच्या कथा वेगवेगळ्या छापून येत. एक अंगाला आग लावून उडणारा, दुसरा समुद्राखालच्या राज्याचा तापट राजपुत्र, जमिनीवरच्या माणसांवर कायम खार खाऊन असलेला. टॉर्च ही कार्ल बर्गोसची निर्मिती, नेमॉर बिल एव्हरेटची. आठव्या अंकात दोघांची गाठ पडली. नवव्या अंकात आग आणि पाणी यांचं युद्ध ऐन रंगात आलं. आणि दहाव्या अंकात, अवघ्या एका पानात, बेटी डीन नावाच्या पोलीस बाईंनी मध्ये पडून दोघांना समजावलं. झाली बरोबरी! इतके पैसे जमवून अंक घेतलेल्या पोरांना काय वाटलं असेल, कल्पना करा. पण प्रकाशकाचीही अडचण समजून घ्या. पुढच्या महिन्यात त्याला दोन्ही नायक विकायचे होते. हरलेल्याचा अंक कोण घेतो?

ही अडचण पुढे कधीच सुटली नाही. 1976 मध्ये तर दोन हाडवैरी कंपन्या एकत्र आल्या. डीसीचा सुपरमॅन आणि मार्व्हलचा स्पायडर-मॅन यांचा मोठ्या आकाराचा विशेषांक निघाला. साधं कॉमिक तीस सेंटच्या आसपास मिळत असताना याची किंमत दोन डॉलर. लेखन गेरी कॉन्वे यांचं, चित्रं रॉस अँड्रू यांची. आता मुळात ही जोडीच विजोड. एक ग्रह हलवणारा देव, दुसरा कोळी चावल्यामुळे भिंतीवर चढू लागलेला कॉलेजकुमार. सुपरमॅननं टिचकी मारली तर गोष्ट तिथेच संपायची. मग लेखकानं काय केलं, तर सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्यूथर याच्याकरवी स्पायडर-मॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा केला. त्याला नकळत प्रचंड बळ आलं आणि गैरसमजातून दोघांची जुंपली. पण मारामारी चालू असतानाच त्या किरणांचा असर उतरतो. स्पायडर-मॅनच्या ते ध्यानातही येत नाही, तो ठोसे मारत राहतो, आणि हात सुजतो तो त्याचाच. सगळ्या अंकात मला हीच जागा सर्वांत आवडते. कोण जिंकेल या प्रश्नाचं खरं उत्तर लेखकानं तेवढ्यात गुपचूप देऊन टाकलं, कुणाची इज्जतही जाऊ दिली नाही.

आधी गैरसमज, मग मारामारी, मग ओळख पटणं आणि दोघांनी मिळून खऱ्या खलनायकाकडे वळणं. हा साचा अमेरिकेनं शोधला असं कुणी म्हणालं तर त्याला गणेशचतुर्थीची गोष्ट सांगा. चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो म्हणून स्यमंतक मण्याची कथा आपण दरवर्षी ऐकतो. कृष्ण मणी शोधत गुहेत शिरतो, तिथे जांबवान त्याच्याशी लढतो. हा जांबवान कुठला? रामायणातला! भागवतात ही लढाई अठ्ठावीस दिवस चालते, आणि शेवटी थकलेल्या जांबवानाला कळतं की समोरचा हा आपला रामच आहे. मणी मिळतो, शिवाय जांबवती कृष्णाची राणी होते. म्हणजे त्या भेटीनंतर कृष्णाच्या घरात एक माणूस वाढलं. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण आधुनिक क्रॉसओव्हरची गाडी नेमकी इथेच अडकते.

त्याआधी गोडीविषयी थोडं. मारामारी हे नुसतं आमंत्रण असतं. खरी मजा म्हणजे आपला नायक दुसऱ्याच्या शेजारी उभा राहिला की वेगळा दिसू लागतो. ध्रुवचंच घ्या. सर्कशीत वाढलेला मुलगा, अंगात कुठलीही दैवी शक्ती नाही, डोकं आणि मोटरसायकल एवढंच भांडवल, फार तर पशुपक्ष्यांची भाषा येते. त्याच्या स्वतःच्या अंकात हे जाणवत नाही, तिथे तोच सर्वांत भारी असतो. पण ज्याच्या शरीरात साप राहतात, ज्याच्या जखमा आपोआप भरतात, अशा नागराजच्या शेजारी त्याला उभं केलं की एकदम कळतं, अरे, हा बिचारा प्रत्येक वेळी जीव पणाला लावून लढत होता! आणि नागराजकडे इतकं सगळं असूनही युक्ती ध्रुवलाच सुचावी, हा त्या जोडीचा ठरलेला आनंद. त्यात डोगासारखा कुत्र्याचा मुखवटा घालून बंदूक चालवणारा माणूस आला की मग तर विचारूच नका. गुन्हेगाराला पकडायचं की उडवायचं, यावर नायकांचंच एकमत होत नाही, आणि ते भांडण कुठल्याही ठोशापेक्षा जास्त रंगतं.

आता धंद्याची बाजू. 1984 मध्ये मार्व्हलनं 'सीक्रेट वॉर्स' काढलं. मॅटेल ही खेळणी बनवणारी कंपनी मार्व्हलच्या नायकांची खेळणी काढत होती आणि त्यासाठी एखादी मोठी घटना घडवून आणा, असं तिचं म्हणणं होतं. लेखक जिम शूटर यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की मुलांना 'सीक्रेट' आणि 'वॉर्स' हे शब्द आवडतात, असं मॅटेलच्या पाहणीत दिसलं, म्हणून ते नाव. म्हणजे बारसं आधी, बाळ नंतर. तरीही त्यात एक खरोखर हुशार खेळी होती. बारा महिने चालणाऱ्या त्या कथेसाठी सगळे नायक एका दूरच्या ग्रहावर जातात. पण त्यांच्या नेहमीच्या मालिकांमध्ये ते लगेच पुढच्या अंकात परत आलेले दिसले, बदललेले. स्पायडर-मॅन काळा पोशाख घालून आला. हा आला कुठून? ते कळायला 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकापर्यंत थांबावं लागलं. काळ्या पोशाखाची मूळ कल्पना मार्व्हलनं एका वाचकाकडून 220 डॉलरला विकत घेतली होती. पुढे तो पोशाख एक जिवंत परजीवी निघाला आणि त्यातून व्हेनम हा खलनायक जन्मला. व्हेनमवर नंतर जे चित्रपट निघाले त्यांची कमाई पाहता 220 डॉलर हा आकडा ऐकून हसावं की रडावं कळत नाही.

खेळण्यांसाठी लिहिलेल्या गोष्टीतून इतकं काही निघालं आणि विकलंही गेलं, तेव्हा पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत पाहिली आहे ना तुम्ही? काळी मारबत आणि पिवळी मारबत आपापल्या भागातून निघतात आणि त्या जिथे समोरासमोर येतात तिथे सगळा गाव लोटतो. त्या क्षणासाठीच आपण उन्हात उभे असतो. पण मारबतीबरोबर बडगे असतात, तेही पुतळेच. महागाईचा बडग्या, पुढाऱ्यांचा बडग्या, यंदा ज्याचा राग आला त्याचा बडग्या. चार असले तर गंमत वाढते. समजा शंभर असले, आणि प्रत्येकापुढे थांबल्याशिवाय मारबत दिसणार नाही असं कुणी ठरवलं तर? मोठ्या क्रॉसओव्हरच्या जोडअंकांचं, ज्यांना टाय-इन म्हणतात त्यांचं, हेच होतं.

1993 चं 'मॅक्झिमम कार्नेज' बघा. चौदा भाग, आणि तेही स्पायडर-मॅनच्या पाच वेगवेगळ्या मालिकांमध्ये विखुरलेले. अमेरिकेतल्या वाचकाला निदान दुकान तरी होतं. बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घालणाऱ्या वाचकाला नववा भाग मिळायचा, तोही मुखपृष्ठ गेलेला. कोण कुणाला का मारतंय, पत्ता नाही. एकट्या नायकाचा सुटा अंक असता तर बावीस पानांत काही तरी सुरू होऊन संपलं असतं. क्रॉसओव्हरचा तुकडा हातात आला की वाटतं आपण दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलो आहोत आणि यजमान कोण तेच माहीत नाही.

यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते मूळ मालिकेचं. एखादा लेखक दोन वर्षं धीरानं एखाद्या नायकाची गोष्ट विणत असतो, तेवढ्यात वरून फर्मान येतं, पुढचे तीन महिने तुमचा नायक परग्रहावरच्या युद्धात. परत आला की धागा तुटलेला.

आणि परिणामांचं काय? जांबवती आठवा. 2006 मध्ये मार्व्हलचं 'सिव्हिल वॉर' आलं. लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन, मुख्य अंक सात. सरकार म्हणतं, सगळ्या नायकांनी खरं नाव नोंदवा. आयर्न मॅन होकाराच्या बाजूला, कॅप्टन अमेरिका नकाराच्या. पहिल्यांदाच भांडणाला खरं कारण होतं, दोन्ही बाजू पटाव्यात असं. दुसऱ्या अंकात स्पायडर-मॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढून सांगतो, मी पीटर पार्कर. चव्वेचाळीस वर्षं जपलेलं गुपित! पुढे त्याच्या मालिकेत त्याला वाढवणाऱ्या मे काकूंना गोळी लागली. किंमत मोजावी लागली, चांगलं झालं. आणि 2007 मध्ये? सैतानाशी सौदा करून काकूंचा जीव वाचवला, बदल्यात पीटरचं लग्नच इतिहासातून पुसलं गेलं, आणि त्याचं गुपितही जगाला विसरायला लावलं. मी वाचक म्हणून याला लबाडी म्हणतो. वाचकाला रडवायचं, त्याचे पैसे घ्यायचे आणि मग म्हणायचं, ते झालंच नव्हतं.

डीसीनं 1985 मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'मध्ये निदान हिंमत दाखवली होती. त्यांच्याकडे इतक्या समांतर पृथ्व्या झाल्या होत्या की नव्या वाचकाला काही उमगेना. मार्व्ह वूल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी बारा अंकांत सगळ्यांची मिळून एक पृथ्वी केली. त्यात सुपरगर्ल मेली, फ्लॅश म्हणजे बॅरी ॲलन मेला. बॅरी 2008 पर्यंत मेलेलाच राहिला. कॉमिक्सच्या जगात हे फार मोठं मरण. तिथे मृत्यू म्हणजे एरवी दीर्घ रजा असते. साफसफाई मात्र काही फार टिकली नाही. हॉकमॅनचा इतिहास तर नंतर इतक्या वेळा दुरुस्त झाला की खुद्द त्याचे चाहते हात टेकतात.

कोण जिंकेल हे वाचकांनीच ठरवावं, हाही प्रयोग झाला. 1996 मध्ये डीसी आणि मार्व्हलनं पाच लढतींचा निकाल मतदानावर सोडला. मार्व्हलच्या स्टॉर्मनं डीसीच्या वंडर वूमनला हरवलं. मार्व्हलचा वुल्व्हरिन आणि डीसीचा लोबो यांची मारामारी तर दारूच्या गुत्त्यात, काउंटरच्या मागे झाली, आपल्याला दिसलीच नाही, नुसता वुल्व्हरिन बाहेर आला. निकाल आधी आणि कारण नंतर शोधायचं, मग लेखकानं तरी काय करावं?

चित्रपटांनीही हाच रस्ता धरला. 2019 चा 'एंडगेम' हा मार्व्हलच्या चित्रपट-मालिकेतला बाविसावा चित्रपट. आधीचे एकवीस पाहिलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, शेजारी आणलेले आईबाबा पॉपकॉर्न खात राहिले.

मला मात्र एक जुनी भेट फार प्रिय आहे. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत वाचलेल्या श्रोत्यांना वेताळ, म्हणजे फँटम, आणि जादूगार मॅन्ड्रेक आठवत असतील. दोघांचेही लेखक ली फॉक. 1977 मध्ये वेताळाचं डायनाशी लग्न झालं, जंगलात, आणि त्या लग्नाला मॅन्ड्रेक पाहुणा म्हणून आला. कुणी कुणाला ठोसा मारला नाही, जग बुडालं नाही, जोडअंक नाहीत. दोन मोठी माणसं एका मांडवात भेटली, आणि लग्न टिकलं, पुढे मुलंही झाली.

ज्यांना भव्यच हवं त्यांनी 'जेएलए/ॲव्हेंजर्स' शोधावं, डीसी आणि मार्व्हलच्या नायकसंघांची भेट. 2003-04 मध्ये आलेले चार अंक, लेखन कर्ट ब्युसिक, चित्रं पुन्हा पेरेझ यांचीच. त्याच्या वीस वर्षं आधी ही योजना कंपन्यांच्या भांडणात बारगळली होती, पेरेझनी तेव्हा पानं काढायला घेतलीसुद्धा होती. यात सुपरमॅनच्या एका हातात कॅप्टन अमेरिकाची ढाल आणि दुसऱ्या हातात थॉरचा हातोडा, असं एक चित्र आहे. त्या एका चित्रासाठी मी बाकी पुष्कळ काही माफ करतो.

आणि 'सिव्हिल वॉर' वाचायचंच असेल तर मुख्य सात अंक वाचा, बाकीचे खुशाल सोडा. जुन्या पुस्तकांच्या ढिगात एखादं कॉमिक आवडलं तर विकत घेण्याआधी शेवटचं पान उघडून बघा. पुढचा भाग भलत्याच मालिकेत असल्याचं तिथे लिहिलेलं असेल, तर तो अंकही आहे का, असं दुकानदाराला विचारा. नसेल तर निम्म्या भावात मागा. देतात बरेचदा.

नमस्कार.