तांबं नसलेली तांबी

पुण्यात काय किंवा गावाकडे काय, गर्भाशयात बसवायच्या कुठल्याही साधनाला आपण ‘तांबी’च म्हणतो. या एका शब्दानं बराच घोटाळा होतो. कॉपर टीमध्ये तांबं असतं आणि ती बसवल्यावर पाळीत रक्त पुष्कळदा जास्त जातं. आज जिच्याबद्दल बोलायचंय त्या हार्मोनच्या तांबीत तांब्याचा कणही नाही आणि ती रक्तस्राव कमी करते. तेव्हा ‘माझ्या जावेला तांबीनं त्रास झाला’ असं कानावर आलं, तर आधी विचारा, कुठली तांबी?

ही हार्मोनची तांबी म्हणजे ३२ मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद, लवचीक प्लॅस्टिकचा इंग्रजी टी. त्याच्या दांड्यावर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असतं. सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम झिरपतं, पाच वर्षांनी साधारण निम्मं. औषध मुख्यतः जागच्या जागी काम करतं: पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट होतो, शुक्रजंतू वर जात नाहीत आणि पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं. हजार जणींमध्ये वर्षाला दोघींनाच दिवस राहतील, इतकी ही खात्रीची आहे. मिरेना हे त्यातलं सर्वांत परिचित नाव; अमेरिकेत तिला गर्भनिरोधनासाठी आता आठ वर्षांची मान्यता आहे, जास्त रक्तस्रावासाठी पाच वर्षांची.

जास्त म्हणजे किती? पुस्तकात एका पाळीला ८० मिलिलिटर लिहिलेलं असतं, पण घरी कोण मोजणार! दर एक-दोन तासांनी पॅड भिजणं, रात्री बदलायला उठावं लागणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी जाणं, सात दिवसांच्या वर पाळी लांबणं, हे माप पुरे. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. त्यांच्या वडिलांच्या नावाच्या कर्वे रस्त्यावरून आपण रोज येतो-जातो, पण ‘पॅड किती लागतात?’ विचारलं की आजही आवाज खाली जातो.

बसवण्याआधी रक्त जास्त का जातंय याचं कारण शोधायलाच हवं. गरोदरपणाची तपासणी, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासायचा. फायब्रॉइडनं, म्हणजे पिशवीतल्या गाठीनं, आतली पोकळी वेडीवाकडी झाली असेल, तर साधन नीट बसत नाही, निसटून बाहेर येतं. कारण न कळलेला रक्तस्राव, पिशवीचा चालू जंतुसंसर्ग किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर बसवायची नाही.

पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत बसवली तर संरक्षण लगेच मिळतं; नंतर बसवली तर सात दिवस कंडोम वापरा. आधी आतून तपासून पिशवी पुढे झुकलीय की मागे, हे पाहतात. मग पिशवीचं तोंड चिमट्यानं धरून हलकं ओढायचं, म्हणजे वाक सरळ होतो. हे ओढणं राहिलं की खोली मोजायची सळई पिशवीच्या भिंतीत घुसण्याचा धोका वाढतो. हजारात एखाद-दोन वेळा भिंतीला भोक पडतं. अंगावर पाजणाऱ्या बाईत पिशवी मऊ असते, तिथे जास्त जपायचं. सळईनं खोली मोजतात, सहा ते दहा सेंटिमीटर हवी. टी ज्या नळीतून आत जाते, तिच्यावरचं कडं त्या मापावर लावून नळी आत घालतात, पण तळापासून दीड-दोन सेंटिमीटर अलीकडे थांबतात. टीचे आडवे हात उघडायला दहा सेकंद द्यायचे आणि मगच तळापर्यंत सरकवायची. घाई केली की हात अर्धवट उघडतात आणि टी तळापर्यंत न जाता खाली, तोंडाकडे बसते. टीला जोडलेले दोरे तीनेक सेंटिमीटर ठेवून कापतात. फार आखूड कापले की नवऱ्याला टोचतात.

आता खरा मुद्दा. तांबी काढून टाका म्हणत येणाऱ्या पुष्कळ जणी पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच येतात. रोज थोडे थोडे डाग, पाळी कधी येईल याचा नेम नाही. देवघर, सणवार, प्रवास, सगळ्याची पंचाईत. अस्तर पातळ होत असताना हे होतंच. ते आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते. नंतर रक्त झपाट्यानं कमी होतं. वर्षाअखेरीस पाचातल्या एकीची पाळी थांबलेली असते. ‘घाण आत साठते का?’ हा ठरलेला प्रश्न. अस्तर वाढतच नाही, तर साठणार काय? बीजकोष आपलं काम बहुतेक करतच असतात, ही रजोनिवृत्ती नव्हे. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या मात्र चालू ठेवा, चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली इतका गाजला की सरकारला समिती नेमावी लागली. जास्त रक्त जातंय एवढ्यावरून कोणी थेट पिशवी काढायला सांगितलं, तर ‘हार्मोनची तांबी का नको?’ असं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

दोरा हाताला लागेनासा झाला तर कंडोम सुरू करा, गरोदरपणाची तपासणी करा, मग सोनोग्राफी. तिथेही दिसली नाही तर एक्स-रे. प्लॅस्टिकमध्ये बेरियम असल्यानं टी त्यात दिसते. पाळी चुकून पोटात एका बाजूला दुखलं तर वाट पाहू नका, गर्भ पिशवीऐवजी गर्भनलिकेत असू शकतो. आणि तांबी काढायची असेल, पण मूल नको असेल, तर आधीचे सात दिवस कंडोम वापरा. काढल्यावर दिवस लगेच राहू शकतात.