राग आलाय, की वाईट वाटलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

"काय झालं?" "काही नाही." घरोघरी ऐकू येणारा हा संवाद. घरातल्या पुरुषाला सांगायचंच नाही, असं विचारणारी धरून चालते. मला वाटतं, पुष्कळदा त्याचं त्यालाच कळलेलं नसतं. "मुलगा असून रडतोस?" हे ऐकत जो वाढला, तो रडू गिळायला लवकर शिकतो. पुढे आत काय चाललंय हे बघायची सवयच मोडते.

राग मात्र चालतो. त्यामुळे नोकरी जाण्याची धास्ती, वडिलांचं आजारपण, चारचौघांत झालेला अपमान, सगळं रागाच्याच वाटेनं बाहेर पडतं. भरलं ताट सरकवून उठलेला माणूस कदाचित घाबरलेला असतो. पुरुषांमधलं नैराश्यही असंच चिडचिडीच्या, दारूच्या आड लपतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकडेवारीत, दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्येचं प्रमाण स्त्रियांत ५.४, तर पुरुषांत १२.६ होतं. हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही.

मित्रांनो, सुरुवात शरीरापासून करा. दात आवळले गेलेत? छातीवर दडपण आहे? मग स्वतःला विचारा, ही भीती आहे, लाज आहे, की कुणाची तरी आठवण येतेय? बोलवत नसेल तर लिहा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना वाईटच वाटलं. पण ज्यांनी घटनेबरोबर मनातलंही लिहिलं, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. तेव्हा पहिल्या दिवशी जड वाटलं म्हणून वही मिटू नका.

आणि घरच्यांनो, तो बोलू लागला की लगेच उपाय सुचवू नका. "एवढंच ना?" तर मुळीच म्हणू नका. समोरासमोर बसून अवघड जात असेल, तर चालता चालता बोला. नजर चुकवता आली की जीभ सैल होते.

तो फारच मिटून गेला असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.