ईजीआरवर पत्रा मारण्याआधी
(बेळगावात वाहनधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय ठरलाय तो 'ईजीआर काढायचा की ठेवायचा'. समोर डिझेल गाडीवाले बरेच दिसतात, त्यामुळे ईजीआर म्हणजे काय हे सांगत बसत नाही. एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह तो. गाडीनं काळा धूर टाकला, पिकअप गेला, की पहिला आळ त्याच्यावर येतो, हाही तुमचा अनुभव आहे. त्या आळाबद्दलच मला बोलायचंय.

माझे मावसभाऊ खानापूरला असतात. काजूचा व्यवहार, गोव्याला सतत फेऱ्या. परत येताना साखळीकडून चोर्ला घाट चढायला लागलं की गाडी मरायची. मागे धूर असा, की मागच्या गाडीवाला हॉर्न मारून शिव्या घालायचा. एका गॅरेजला दाखवली. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला नाही, पाइप बघितले नाहीत. "ईजीआर गेलाय दादा, पत्रा मारून टाकू." मारला, म्हणजे व्हॉल्व्हच्या वाटेत पत्र्याची चकती बसवून गॅस बंद केला. चार दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला. "त्याच्याकडं बघू नका," म्हणाले. मग गाडीनं स्वतःच ताकद कमी केली. दिवा लागणारच की! व्हॉल्व्ह उघडल्यावर बाहेरची हवा जेवढी कमी व्हायला हवी तेवढी होत नाही, हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवरून कळतं. त्याच्या लेखी ईजीआरचा प्रवाह अपुरा, कोड पी ०४०१. यावर उपाय काय सांगितला? सॉफ्टवेअरमधूनच ईजीआर बंद करायचा, वर पिकअपही वाढेल! पुन्हा पैसे. दिवा विझला. घाटात धूर तोच.

दादा गाडी विकायला निघाले. वहिनी म्हणाल्या, आधी भावोजींना, म्हणजे मला, दाखवा. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप क्लिपेजवळ खालून फाटला होता, भोवती ऑइलचे डाग. उभ्या गाडीत चीर मिटलेली. टर्बोचा दाब आला की उघडायची, मोजलेली हवा बाहेर जायची, डिझेल मात्र त्या मापानं पडायचं. धूर येईल नाहीतर काय! पाइप बदलला, पत्रा काढला, सॉफ्टवेअर मूळचं घातलं. गाडी आजही चोर्ला चढते.

मला राग कशाचा येतो सांगू? घाटात तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता तेव्हा ईसीयू ईजीआर बंद ठेवतो, कारण तेव्हा सगळी ताजी हवाच लागते. म्हणजे चांगला ईजीआर तुमची ताकद खातच नव्हता. तो काढून घाटात ताकद वाढणार कुठून? काजळीनं उघडा अडकला असेल तर गोष्ट वेगळी. पण मग बहुतेक वेळा गाडी सिग्नलला उभी असतानाही थरथरते. दादांची गाडी उभी असताना शांत होती. नुसता कान दिला असता तरी शंका यायला हवी होती.

आणि काजळी का धरते? टिळकवाडीतून गणपत गल्ली, गणपत गल्लीतून टिळकवाडी, गावातल्या गावात एवढ्यासाठी डिझेल गाडी कशाला घेता हो? हात वर करू नका, ओळखतो मी सगळ्यांना. इंजिन पुरतं तापत नाही, काजळी आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, येणारी ऑइलची वाफ मिळून व्हॉल्व्हवर, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये चिकट थर बसतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत, आणि ईजीआर का ठेवायचा ते अजून सांगायचंच आहे. तर पटापट.

सिलिंडरमध्ये साधारण १५०० अंशांच्या वर तापमान गेलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड झपाट्यानं वाढतात. परत आलेल्या गॅसमुळे ऑक्सिजन कमी पडतो, ज्वाळा थंड राहते. पत्रा मारला की धूर उलट कमी दिसतो, म्हणून माणूस खूश. पण हे नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, फुप्फुसाला झोंबतात, उन्हात ओझोन तयार करतात. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात, त्यामुळे ही चोरी तिथं पकडलीच जात नाही. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवणं मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १९०(२) खाली गुन्हा आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा, म्हणजे प्रदूषणाच्या कडक निकषांच्या, गाड्यांत तर ईजीआर आणि काजळीचा फिल्टर यांचा हिशेब ईसीयू एकत्र ठेवतो. तिथं हात घालूच नका.

तपास असा करायला सांगा. आधी टर्बोचे पाइप, एअरफ्लो सेन्सर, व्हॅक्यूमच्या नळ्या. जुना व्हॅक्यूमवाला ईजीआर असेल तर गाडी उभी चालू ठेवून हातपंपानं व्हॅक्यूम द्यायचा. इंजिन अडखळलं तर व्हॉल्व्ह उघडतोय. व्हॅक्यूम टिकला नाही तर व्हॉल्व्ह ओढणारा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटलाय. इलेक्ट्रिक असेल तर ईसीयूनं मागितलेली आणि प्रत्यक्षातली पोझिशन स्कॅनरवर शेजारी शेजारी बघायची. साफ करताना तोंड खाली ठेवा, क्लीनर मोटरमध्ये जाता कामा नये. गॅस्केट नवीनच. बऱ्याच गाड्यांत नंतर स्कॅनरवरून पोझिशन पुन्हा शिकवावी लागते, ते केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. आणि बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल, मागे पांढरी वाफ दिसत असेल, तर ईजीआरचा कूलरही तपासायला लावा. तो फुटला असेल तर कूलंट इंजिनात जातं. तशी गाडी चालवत आणू नका, टोइंग करून आणा.